स्वदेशी विमानाचा मराठी शिल्पकार

शत्रूच्या रडारला सहजासहजी न दिसणारे लढाऊ विमान स्वबळावर घडविण्यासाठी मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १५ हजार कोटी रुपयांच्या 'ॲम्का' प्रकल्पाला मंजुरी दिली. या प्रयत्नांची मुळे शोधू गेल्यास आपण कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू या लहानशा गावी पोहोचतो. तेथे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला.

गणिताची आवड त्यांना जर्मनीतील गॉटिंगेनला घेऊन गेली. विमानाच्या पंखालगत वाहणारा हवेचा पातळ थर किती निर्णायक असतो, हे जगाला समजावून सांगणारे लुडविग प्रांटल तेथे शिकवीत होते. प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविणारे घाटगे हे पहिले भारतीय. अशी विद्या घेऊन परतणाऱ्या तरुणाला त्या काळच्या भारतात काम तरी कोठे मिळणार? विमानाचा कारखानाच देशात नव्हता!

तो उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात बंगळूरमध्ये 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन झाली आणि घाटगे तेथे रुजू झाले. मात्र, महायुद्धाच्या धामधुमीत हा कारखाना दुरुस्तीचे आगार बनला. नव्या आराखड्यांना वाव उरला नाही. याच काळात, १९४२ मध्ये, भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीत घाटगे अग्रभागी होते. देशी विमाने आखणारी पुढची पिढी घडविण्यात या विभागाचा वाटा फार मोठा आहे.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेपावले. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले हे पहिले विमान. वरकरणी ते साधेच होते. दोन आसने, एक पंखा, बस्स. पण वायुदलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावरच गिरविले. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. काही घानालाही गेली. त्यानंतर 'पुष्पक', 'कृषक' आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम उडालेले 'किरण' हे जेट विमान अशी मालिकाच सुरू झाली. १९९६ ते २०११ या काळात 'सूर्यकिरण' पथकाच्या कसरती पाहून टाळ्या वाजविलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की ती विमाने एका मराठी माणसाच्या देखरेखीखाली आखली गेली होती?

एक शल्य मात्र राहिले. 'एचटी-२' चे इंजिन ब्रिटिश होते, 'किरण'चेही ब्रिटिशच. याच कारखान्यात जर्मन अभियंता कुर्ट टांक यांनी आखलेले 'मरुत' हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या अपेक्षेने आखला होता. मात्र, तेवढ्या ताकदीचे इंजिन कधीच मिळाले नाही आणि कमी शक्तीच्या 'ऑर्फियस'वर समाधान मानावे लागले. १९७१ च्या युद्धात 'मरुत'ने राजस्थानच्या आघाडीवर चोख कामगिरी बजावली. तरी ज्यासाठी ते जन्मले, तो वेग त्याला गाठता आला नाही. दोष आराखड्याचा नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. 'मरुत'नंतरची लढाऊ विमानांची परंपरा खंडित होऊ देणे, ही त्याहून मोठी चूक होती. 'तेजस'चा प्रकल्प सुरू व्हायला त्यानंतर १९८० चे दशक उजाडावे लागले. त्याच्यासाठी हाती घेतलेले 'कावेरी' इंजिनही अपुरे पडले आणि अमेरिकी इंजिन बसवावे लागले. 'ॲम्का'च्या पहिल्या विमानांसाठीही तूर्त अमेरिकी इंजिनच योजले आहे.

घाटगे यांना १९६५ मध्ये 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. कोल्हापूरबाहेर त्यांचे नाव महाराष्ट्रात क्वचितच निघते; बंगळूरमध्ये मात्र 'हॅल'च्या सभागृहाला ते दिलेले आहे. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. 'तेजस'चे पहिले उड्डाण झाले ते ४ जानेवारी २००१ रोजी, त्याच बंगळूरच्या धावपट्टीवरून.