लंगडत चाललेला यात्रेकरू



३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशूसंघाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. तसबिरीत ते काळ्या झग्यात, हाती पुस्तक घेऊन अगदी शांत उभे असतात. या माणसाने आयुष्यात जे जे मनाशी धरले त्यातले बरेचसे त्याच्या हातून निसटले, असे ती तसबीर पाहून कुणाला वाटणार नाही.

निकालांचे आणि प्रवेशांचे दिवस आले की मिस्सा संपल्यावर काही मुले व पालक भेटायला थांबतात. कुणाला हवी ती शाखा मिळालेली नसते, कुणाचा व्हिसा नाकारलेला असतो, कुणाचे ठरलेले लग्न मोडलेले असते. बोलता बोलता बहुतेक जण एकच विचारतात. फादर, देवाची इच्छाच नव्हती असे समजायचे का? हा प्रश्न सोपा नाही. इग्नेशियस यांच्यापुढे तो अनेकदा आला आणि दर वेळी त्यांनी त्याचे सारखेच उत्तर दिले नाही. म्हणून यंदा त्यांचे चरित्र जरा सविस्तर सांगतो.

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, अझपेतिया गावाजवळच्या लोयोला गढीत इ. स. १४९१ मध्ये त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. भावंडांतले ते शेंडेफळ. आई लवकर गेली आणि जवळच राहणाऱ्या लोहाराच्या बायकोने या मुलाला अंगावर पाजून वाढवले. पुढे किशोरवयात त्याला आरेव्हालो येथे राजाच्या खजिनदाराच्या घरी पाठवण्यात आले. तिथे तो दरबारी रीतभात, तलवार आणि सुंदर हस्ताक्षर शिकला. त्याबरोबर जुगार, मारामाऱ्या आणि स्त्रियांच्या मागे लागणेही शिकला. १५१५ साली गावी आला असताना एका हाणामारीच्या प्रकरणात त्याच्यावर खटलाही झाला. संतांची चरित्रे लिहिताना हा भाग गाळण्याची पूर्वी पद्धत होती. मला ती पटत नाही.

१५२१ च्या मे महिन्यात फ्रेंच सैन्य पांप्लोना शहरावर चालून आले. किल्ल्यात शिबंदी थोडी होती. शरण जावे असे बाकीच्या सर्वांचे मत होते. इनिगोने किल्लेदाराचे मन वळवले आणि लढाई झाली. २० मे रोजी तोफेचा एक गोळा त्याच्या दोन पायांमधून गेला. उजवा पाय मोडला, डाव्यालाही जखम झाली. तो पडताच किल्लाही पडला. फ्रेंचांनी मात्र त्याला चांगले वागवले आणि डोलीत घालून घरी पोहोचवले.

घरी हाड नीट बसले नाही म्हणून पाय पुन्हा मोडून बसवावा लागला. जूनच्या अखेरीस तो मरणाच्या दारातून परत आला. हाड जुळले, पण गुडघ्याखाली एक टोक बाहेर आले आणि पाय आखूड झाला. दरबारात घालतात तसे घट्ट बूट आता पायात जाणार नव्हते. इनिगोने वैद्यांना ते हाड करवतीने कापायला लावले. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते. मुठी आवळण्यापलीकडे त्याने वेदना दाखवली नाही. हे सगळे बुटासाठी! इच्छाशक्ती त्याला नंतर मिळाली असे नाही, ती पहिल्यापासून होती. ती कशासाठी खर्च करायची, एवढेच ठरायचे होते.

बिछान्यात पडल्या पडल्या त्याने शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. गढीत तसे एकही पुस्तक नव्हते. होते ते एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रांचा संग्रह. नाइलाजाने तो तेच वाचू लागला. वाचताना मन दोन बाजूंना धावे. कधी एका उच्च कुळातील स्त्रीसाठी आपण काय काय पराक्रम करू याचे बेत चालत, तर कधी संत फ्रान्सिस व संत डॉमनिक यांनी केले ते आपण केले तर काय होईल, याचे. दोन्ही स्वप्ने पाहताना सारखाच आनंद वाटे. पण पहिले स्वप्न संपल्यावर मन कोरडे आणि खिन्न होई, तर दुसरे संपल्यावरही प्रसन्नता टिकून राही. हा फरक त्याच्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना माणसाची इच्छा स्वतंत्र आहे की नाही यावर आम्ही जाडजूड पुस्तके वाचली. लोयोलाच्या त्या खोलीत वाद झाला नाही. एका आजारी माणसाने आपल्याच मनाची चव घेऊन पाहिली आणि जेरुसलेमला जायचे ठरवले.

पण ठरवणे आणि ठरवता येणे यांत अंतर असते. १५२२ च्या आरंभी तो खेचरावर बसून निघाला. वाटेत एक मूर मुस्लीम प्रवासी भेटला. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी दोघांत वाद झाला आणि तो प्रवासी पुढे निघून गेला. मागाहून इनिगोला राग चढला. मरियेच्या सन्मानासाठी त्याला खंजीर मारावा की सोडून द्यावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने लगाम सैल सोडला. पुढे फाटा होता. खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळले तर मारायचे, हमरस्त्याने गेले तर सोडायचे. गावचा रस्ता रुंद आणि चांगला असूनही खेचर हमरस्त्याने गेले. त्या दिवशी धन्यापेक्षा खेचराला जास्त अक्कल होती असे म्हणावे लागेल. गोष्ट निभावली, पण तिला निवड म्हणता येणार नाही. चिठ्ठ्या टाकून नोकरी किंवा स्थळ ठरवणारे आपल्यातही आहेत; त्यांनी हे खेचर आठवावे.

मोन्सेरातच्या मरियामंदिरात त्याने आपली तलवार व खंजीर ठेवून दिले, उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले आणि २४ मार्चची रात्र वेदीपुढे जागून काढली. जवळच्या मानरेसा गावात तो थोडे दिवस राहणार होता, तिथे जवळजवळ वर्ष गेले. तो काळ फार कठीण होता. आपली पापे नीट सांगून झालीच नाहीत, या शंकेने तो पुन्हा पुन्हा पापनिवेदन करी आणि तरी समाधान होत नसे. एका क्षणी जीव द्यावा असेही मनात आले. त्यातून तो हळूहळू बाहेर आला. या अनुभवांची त्याने करून ठेवलेली टिपणे म्हणजे पुढे १५४८ मध्ये छापले गेलेले ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक. त्याच्या मध्यभागी निवड हाच विषय आहे. मन उदास असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये, असा त्यात एक नियम आहे. दुसरी एक युक्ती अशी की, एखादा अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आपल्याकडे आला तर त्याला आपण काय सांगू, याची कल्पना करावी आणि तेच स्वतः करावे. धर्मग्रामातील कौटुंबिक भांडणे सोडवताना ही दुसरी युक्ती मी वापरून पाहतो. ती उपयोगी पडते.

४ सप्टेंबर १५२३ रोजी इनिगो जेरुसलेमला पोहोचला. कायमचे तिथेच राहायचे, हा त्याचा निश्चय. पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी नकार दिला. तिथे राहिलेले काही यात्रेकरू मारले गेले होते, काही पकडले गेले होते आणि त्यांना सोडवण्याचा भार मठावर पडे. इनिगो ऐकेना. तेव्हा प्रमुखांनी सांगितले की, न ऐकणाऱ्याला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्याचा अधिकार पोपसाहेबांनी आम्हाला दिलेला आहे. इनिगोने तो कागद पाहायलाही मागितला नाही. तो परत जायला तयार झाला.

निघण्याआधी मात्र तो कुणाला न सांगता ऑलिव्ह डोंगरावर गेला. स्वर्गारोहणाच्या वेळी प्रभूची पावले ज्या खडकावर उमटली असे मानतात तो खडक त्याला पुन्हा पाहायचा होता. पहारेकऱ्याला त्याने आपला चाकू दिला. खडक पाहून पुढच्या गावी गेल्यावर आठवले की, उजवे पाऊल कोणत्या बाजूला आणि डावे कोणत्या, हे पाहायचे राहिलेच. तो परत आला आणि या वेळी कात्री देऊन आत गेला. तोवर मठाचा एक नोकर काठी घेऊन शोधत आला आणि त्याने त्याला दंडाला धरून परत नेले. जी जागा सोडायची आहे तिच्यावर माणसाचा किती जीव असतो!

आता काय? याचे उत्तर त्याला कुठल्या दर्शनातून मिळाले नाही. लोकांना मदत करायची तर शिकले पाहिजे, असा त्याने विचार केला. १५२४ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात तो लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकू लागला. पाठांतराला बसले की सुंदर आध्यात्मिक विचार येत आणि व्याकरण बाजूला राही. मिस्साला किंवा प्रार्थनेला बसल्यावर मात्र इतके विचार येत नसत. हा मोह आहे हे त्याने ओळखले. शिक्षकांपुढे बसून त्याने वचन दिले की, दोन वर्षे एकही तास चुकवणार नाही. अभ्यास टाळण्यासाठी प्रार्थनाही सबब होऊ शकते, हे आमच्या वेदीसेवकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुढे आल्काला विद्यापीठात लोकांना धर्माविषयी शिकवतो म्हणून संशय आला आणि ४२ दिवस तुरुंग घडला. सालामांकात पुन्हा २२ दिवस, तेही साखळदंडात. दोन्हीकडे त्याच्या शिकवणुकीत दोष सापडला नाही. पण अभ्यास पुरा होईपर्यंत तोंड बंद ठेवण्याच्या अटी आल्या. अटी मानल्या तर काम थांबणार आणि मोडल्या तर पुन्हा तुरुंग. त्याने तिसरी वाट धरली. पुस्तके गाढवावर लादून तो १५२८ च्या फेब्रुवारीत पायी पॅरिसला पोहोचला. आधीचे शिक्षण कच्चे आहे हे ओळखून सदतिसाव्या वर्षी त्याने पुन्हा मुलांबरोबर लॅटिनपासून सुरुवात केली. एका देशबांधवाकडे ठेवायला दिलेले पैसे त्या गृहस्थाने उडवून टाकले आणि याला भीक मागावी लागली. तोच गृहस्थ पुढे रुआं शहरात आजारी पडला, तेव्हा हा त्याच्या शुश्रूषेसाठी अनवाणी चालत गेला.

पॅरिसमध्ये इनिगोचे ‘इग्नेशियस’ झाले. तिथेच पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे त्यांच्या खोलीत राहणारे सोबती मिळाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र टेकडीवर सात जणांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि जेरुसलेमला जाण्याचा नवस केला. या वेळी नवसाला एक जोड होती. व्हेनिसमध्ये वर्षभर वाट पाहूनही जाता आले नाही, तर पोपसाहेब पाठवतील तिकडे जायचे. नकाराचा अनुभव आलेल्या माणसाचा हा नवस होता. ध्येय तेच होते, पण त्या ध्येयालाच त्यांनी देव मानले नव्हते.

१५३७ साली सगळे व्हेनिसला जमले. त्या वर्षी व्हेनिस आणि तुर्क यांचे युद्ध पेटले आणि यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. २४ जून रोजी इग्नेशियस यांना गुरुदीक्षा मिळाली, तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. सोबत्यांनी काही महिन्यांतच पहिली मिस्सा केली. इग्नेशियस थांबले. बेथलेहेमला जायला मिळेल ही आशा त्यांना सोडवत नव्हती, असे दिसते. अखेर दीड वर्षाने, १५३८ च्या नाताळात, रोममधील सांता मारिया माज्जोरे मंदिरात, जिथे बाळ येशूच्या गव्हाणीचा अवशेष जपला आहे त्या लहान चॅपलमध्ये, त्यांनी पहिली मिस्सा केली. बेथलेहेमच्या जितके जवळ जाता आले तितके ते गेले.

नवसातील दुसरा भाग आता लागू झाला. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे यांनी येशूसंघाला मान्यता दिली. १५४१ मध्ये सोबत्यांनी इग्नेशियस यांना प्रमुख निवडले. त्यांनी नकार देऊन पुन्हा मतदान करायला लावले. निकाल तोच लागला. मग ते तीन दिवस आपल्या फ्रान्सिस्कन पापनिवेदकाकडे गेले, सगळे आयुष्य त्यांच्यापुढे मांडले आणि त्यांनी सांगितल्यावर होकार दिला. ज्या पायांनी युरोप तुडवला होता ते आता रोममधल्या काही लहान खोल्यांत अडकले. उरलेली १५ वर्षे पत्रे लिहिण्यात गेली. जवळजवळ ७००० पत्रे उपलब्ध आहेत. देहविक्रय सोडू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी रोममध्ये आश्रयगृह काढले. त्यांच्या हयातीतच महाविद्यालये उभी राहिली. जवळच्या सहकाऱ्यांशी ते कधी कधी फार कठोर वागत, हेही नमूद केले पाहिजे.

भारतात यायला आधी झेवियर नव्हे, तर बोबादिया हे सोबती ठरले होते. ते आजारी पडले म्हणून ऐनवेळी झेवियर निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पुढे ते आपल्या वसईलाही येऊन गेले. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे. त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशियस यांनी झेवियरना युरोपात परत बोलावणारे पत्र पाठवले. झेवियर आधीच्या डिसेंबरातच चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निवर्तले होते. रोमला ती बातमी पोहोचलेली नव्हती.

पोटाचे जुने दुखणे शेवटच्या वर्षांत वाढले. ३० जुलै १५५६ च्या दुपारी इग्नेशियस यांनी आपले सचिव फादर पोलांको यांना बोलावून सांगितले की, पोपसाहेबांकडे जाऊन माझ्यासाठी आशीर्वाद मागा. डॉक्टरांना धोका वाटत नव्हता. स्पेनची टपाल त्याच दिवशी निघायची होती. उद्या गेलो तर चालेल का, असे पोलांकोंनी विचारले. आज गेलात तर मला अधिक आवडेल, पण तुम्हाला योग्य वाटेल तसे करा, अशा अर्थाचे काहीतरी इग्नेशियस म्हणाले. पोलांकोंनी टपाल पुरी केली. दुसऱ्या दिवशी पहाटे इग्नेशियस अगदी अखेरच्या अवस्थेत दिसले, तेव्हा ते धावत पोपसाहेबांकडे गेले. आशीर्वाद घेऊन ते परतले तेव्हा इग्नेशियस यांनी प्राण सोडला होता. त्या वेळी येशूसंघात सुमारे हजार जण होते.