रॉकफेलर आणि व्यापाराचें स्वातंत्र्य

व्यापार मोकळा असावा, सरकारनें त्यांत हात घालूं नये, असें मानणारा पक्ष अमेरिकेंत जुना व प्रबळ आहे. त्याच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु व्यापाराचा मोकळेपणा मोडतें तें केवळ सरकारच, ही जी त्या पक्षाची समजूत, ती जॉन रॉकफेलर यांच्या चरित्रापुढें टिकत नाहीं.

त्यांचा जन्म १८३९ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील रिचफर्ड गांवीं झाला. बाप फिरतीवर औषधें विकणारा. १८५५ सालीं, सोळाव्या वर्षीं, ते क्लीव्हलंडच्या एका पेढींत हिशेबनीस म्हणून लागले, आणि १८७० सालीं १० लक्ष डॉलर भांडवलाची स्टँडर्ड ऑइल कंपनी त्यांनीं उभारली. चोख हिशेब व काटकसर हे त्यांचे गुण निर्विवाद होत. घासलेट स्वस्त होऊन गरिबाच्या घरीं दिवा लागला, याचें श्रेय त्यांस न देणें अन्यायाचें होईल.

पण याच गृहस्थांचा १८७२ मधील व्यवहार पाहा. रेल्वे कंपन्यांशीं झालेल्या एका गुप्त करारांत ते सामील झाले. त्या करारान्वयें त्यांच्या गटास भाड्यांत सूट मिळावयाची होती. इतकेंच नव्हे, तर प्रतिस्पर्ध्यानें आपल्या तेलासाठीं भरलेल्या भाड्यांतूनही कांहीं रक्कम याच गटाच्या पदरांत पडावयाची होती! बातमी फुटली, तेलाच्या मुलुखांत गहजब झाला, करार रद्द झाला. परंतु तेवढ्या अवधींत क्लीव्हलंडमधील २६ कारखान्यांपैकीं २२ त्यांच्या हातीं आले होते. पुढें १८८० च्या सुमारास देशांतील शेंकडा ९० तेलशुद्धि या एका गटाकडे गेली. मोकळी चढाओढ बुडाली, आणि सरकार तर स्वस्थ बसलें होतें.

१८८२ सालीं सर्व कंपन्यांचे शेअर नऊ विश्वस्तांच्या हातीं देऊन ‘ट्रस्ट’ रचण्यांत आला. १८९० मध्यें शर्मन कायदा झाला. १८९२ मध्यें ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयानें तेथील कंपनीस ट्रस्टमधून बाहेर पडण्याचा हुकूम दिला. तेव्हां कारभाऱ्यांनीं न्यू जर्सीकडे पाहिलें. तेथील कायद्यानें एका कंपनीस इतर कंपन्यांचे शेअर धारण करण्याची मुभा होती. १८९९ सालीं सारें बिऱ्हाड तिकडे हललें. सरकारचा हात नको म्हणणाऱ्यांस हा सरकारी हात मात्र गोड लागला.

आयडा टार्बेल या पेनसिल्व्हेनियांतील तेलवाल्याच्या कन्येनें १९०२ पासून मासिकांतून या कंपनीचा इतिहास लिहून लोकांपुढें ठेविला. १९०६ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनें फिर्याद केली. ती १५ मे १९११ रोजीं सुप्रीम कोर्टांत कायम होऊन कंपनीचे ३४ तुकडे करण्यांत आले. मुख्य न्यायाधीश व्हाइट यांनीं मात्र, अवाजवी असेल तेवढाच निर्बंध बेकायदा, असा अर्थ कायद्यांत घातला. न्यायमूर्ति हार्लन यांस फोड मान्य होती, हा अर्थ नव्हे. विधिमंडळानें न लिहिलेला शब्द न्यायाधीशानें लिहूं नये, हें त्यांचें म्हणणें आम्हांस वकील या नात्यानें पटतें.

निकालानंतर तुकड्यांचे शेअर जुन्याच भागीदारांस जुन्याच प्रमाणांत वाटले गेले. भाव चढले, आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षां अधिक श्रीमंत झाले. १९१४ सालीं काँग्रेसनें व्यापारावर नित्य देखरेख ठेवणारें एक मंडळ स्थापिलें. रॉकफेलर त्यानंतर २३ वर्षें जगले. २३ मे १९३७ रोजीं ते फ्लॉरिडांत वारले, तेव्हां त्यांचें वय ९७ होतें.