व्ही. पी. मेनन : विलीनीकरणाचे गणित आणि दिलेला शब्द

व्ही. पी. मेनन यांचा जन्म १८९३ मध्ये केरळातील ओट्टपालमचा. शिक्षण अर्धवट राहिले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम केल्यानंतर १९१४ मध्ये ते भारत सरकारच्या गृह खात्यात कारकून झाले आणि १९४२ मध्ये राजकीय सुधारणा आयुक्तपदापर्यंत पोहोचले. पदवी नसलेल्या या अधिकाऱ्याने १९४७ मध्ये सोडवलेला पेच गेम थिअरीचा, म्हणजे परस्परावलंबी निर्णयांच्या शास्त्राचा, वस्तुपाठ ठरतो.

ब्रिटिश अधिसत्ता संपताच साडेपाचशेहून अधिक संस्थाने कायद्याने मोकळी होणार होती. इतर सारे बाहेर राहिले, तर एकट्याने सामील होणे म्हणजे सौदाशक्ती गमावणे. इतर सारे सामील झाले, तर एकट्याने बाहेर राहणे धोक्याचे. म्हणून अनेक संस्थानिक निर्णय लांबवीत शेजाऱ्याकडे पाहत होते.

सरदार पटेलांच्या संस्थान खात्याचे सचिव या नात्याने मेनन यांनी हे गणितच बदलले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण एवढ्याच विषयांची मागणी केल्याने सामील होण्याची किंमत घटली. चालू व्यवस्था कायम ठेवणारा ‘जैसे थे’ करार सामीलनाम्याशी जोडल्याने बाहेर राहण्याची किंमत वाढली. त्यात १५ ऑगस्टची मुदत. बिकानेर, पतियाळा पुढे आले, तसा काठावरच्यांचा हिशेबही पालटला. हैदराबादला मात्र पुढे सामीलनाम्याविनाच ‘जैसे थे’ करार मिळाला. तो पेच सप्टेंबर १९४८ मध्ये लष्करी कारवाईनेच सुटला.

नंतरच्या विलीनीकरणात संस्थानिकांनी सत्ता सोडली, ती तनख्याच्या हमीवर. या हमीला राज्यघटनेच्या २९१ व्या कलमाचा आधार होता. मेनन १९६५ च्या अखेरीस निवर्तले. १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे रद्द झाले. समतेच्या दृष्टीने त्या निर्णयाचे समर्थन करता येते. पण सत्ता आधी सोडणाऱ्याच्या हाती पुढे केवळ समोरच्याचा शब्द उरतो, हेही त्यातून दिसले.

हा प्रश्न संस्थानांबरोबर संपलेला नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा करासाठी राज्यांनी करआकारणीचे अधिकार सोडले, तेही पाच वर्षांच्या भरपाईच्या हमीवरच. संघराज्यात वाटाघाटी एकदाच होत नाहीत. मागचा शब्द कसा पाळला गेला, हे पाहूनच पुढचा करार होतो.