गुलाम ते शहराचा पाणीदाता : मलिक अंबर

‘इम्पॅक्ट ऑफ जेट’चं प्रॅक्टिकल आपण सगळेच करतो. त्याचा मोठा नमुना आपल्याच शहरात आहे, आणि त्यामागे आहे मलिक अंबर.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला. मुघलांशी झुंजताना १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचं आपलं शहर, वसवलं. नहर-ए-अंबरीने जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर, पाणी आणलं. १६२६ मध्ये तो गेला.

पुढे तशाच दुसऱ्या नहरीचं पाणी पाणचक्कीच्या पात्यांवर आदळलं आणि जातं फिरू लागलं. ना पंप, ना वीज! हेड म्हणजे काय, हे पाहायला एकदा पाणचक्कीवर जाऊन याच.