शिंपले, बिया आणि ताराबाई

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी तलासरी तालुक्यातील एका गावी नववीच्या मुलांना जीवशास्त्र शिकविण्याचा योग मला आला. मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी. बीजांकुरणाचा धडा वाचून दाखविला, फळ्यावर आकृती काढली आणि प्रश्न विचारले. सारा वर्ग गप्प! भाताच्या खाचरात वाढलेल्या या वारली मुलांना बी कसे रुजते हे सांगता येऊ नये? हिरमुसल्या मनाने परतलो. त्याच सुमारास ताराबाई मोडक यांच्या चरित्राकडे वळलो.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना लाभले. परंतु ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मादाम माँटेसरी यांची पद्धती त्यांनी मनापासून स्वीकारली, पण तिची महागडी साधने गरिबाच्या मुलाला कोठून मिळणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

त्याचे उत्तर त्यांनी आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात शोधले. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ त्यांना येथेच सहकारी म्हणून लाभल्या. शिंपले, खडे, पाने, फुले, बिया हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

ताराबाईंचे कार्य बालकांसाठी होते, माझी मुले नववीची. तरीही मला माझी चूक उमगली. मुले अज्ञानी नव्हती; माझा प्रश्नच परका होता. मी पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी पुस्तक मिटून विचारले, पेरण्यापूर्वी भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकतात आणि तरंगलेले दाणे काढून टाकतात, ते का? एकदम दहा हात वर झाले. मग बुडालेले आणि तरंगलेले दाणे गोड्या पाण्याने धुऊन आम्ही दोन करवंट्यांत पेरले. आठवड्याने मुलांनी कोंब मोजले. बुडालेले बहुतेक रुजले होते, तरंगलेल्यांपैकी मोजकेच. भरीव दाण्यात अंकुरासाठी अन्नाचा साठा अधिक असतो, हे मला सांगावेच लागले नाही.

तेवढ्यात, कधीही न बोलणाऱ्या एका मुलीने विचारले, मग पोकळ दाण्यातून आलेले हे दोन कोंब जगतील का? मला उत्तर आले नाही. ती करवंटी तिने घरी नेली. त्या दिवशी शिक्षक होण्याचा माझा निश्चय झाला. ताराबाईंच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!