भाकरी मागताना न फुटलेला शब्द

आजचे वाचन: योहान ४:१-४२



आजचा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी संडेस्कूलमध्येच ऐकलेला. याकोबाची विहीर, भर दुपार, घागर घेऊन एकटीच आलेली शोमरोनी बाई. ती त्या वेळी का आली हे शास्त्र सांगत नाही. पण पाच नवऱ्यांची गोष्ट ती आपणहून काढत नाही, एवढं नक्की. येशूनेच तो विषय काढला. हा अध्याय वाचला की मला पंडिता रमाबाई आठवतात, आणि त्याला कारण आहे. आज त्यांच्याविषयीच लिहिते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने, लक्ष्मीबाईंनी, ते रमाला दिलं. घर असं नव्हतंच. हे कुटुंब तीर्थाहून तीर्थाला पायी फिरायचं आणि पुराण सांगून मिळेल त्यावर जगायचं. मग दुष्काळ आला. होतं नव्हतं ते संपलं आणि १८७४ मध्ये वडील गेले.

आई अंथरुणाला खिळली होती. तिला काहीतरी खावंसं वाटत होतं. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. मागायचं काय, तर भाकरीचा तुकडा. पण तोंडातून शब्दच फुटेना. विद्वानाची मुलगी, हजारो श्लोक मुखोद्गत, आणि 'भाकरी द्या' एवढं म्हणता येईना! रडायचं नाही असं ठरवलेलं, त्यामुळे अडवलेले अश्रू नाकातोंडातून वाहू लागले. त्या बाईने काय हवं ते विचारलं तेव्हा कसंबसं सांगितलं. बाजरीची भाकरी मिळाली. ती घेऊन रमा धावत आली, पण आईला आता घास गिळण्याचीही ताकद उरली नव्हती. थोड्याच दिवसांत आई गेली. खांदा द्यायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन मिळाली, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमा. उंची कमी पडली म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली.

हे वाचून मी पहिल्यांदा थांबले ते तिरडीपाशी नाही, त्या दारापाशी. कारण ते दार मला माहीत आहे.

पुढे थोरली बहीणही गेली. भावंडं चालत चालत कलकत्त्याला पोचली. १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी रमाला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेलं. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्हं मूल. सभेत मात्र त्या ठाम बोलत. पुण्यात आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान चाललंय असंच वाटलं असेल, नाही का?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलहॅमला सिस्टर्सनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने ठेवलं जात होतं. असं कुणी करतं हेच त्यांना नवं होतं. ही माया येते कुठून, असं त्यांनी विचारलं तेव्हा सिस्टरने वाचून दाखवला तो हाच, योहानाचा चौथा अध्याय. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथे गोष्ट संपवली तर ती खोटी होईल. रमाबाईंनी स्वतःच साक्षीत लिहिलंय की त्यांना धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो उमगायला आणखी आठेक वर्षं लागली. शारदा सदन उघडलं, नाव झालं, टीकाही झाली, आणि तरी आत काहीतरी रितं होतं. आपल्या हातात फक्त पाप आणि गरज आहे, ती तशीच घेऊन त्याच्यापुढे जायचं आहे, हे १८९१ च्या सुमारास त्यांना कळलं. मला हा विलंब दिलासा देतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळं बोलून झालेलं नसतं.

त्या दारातली गोष्ट त्यांनी जगाला सांगितली ती वीसेक वर्षांनी, पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा. १८९७ मध्ये मध्य प्रांतातून उपाशी मुली आणताना त्यांनी स्वतःच्या भुकेविषयी लिहिलं. सुमारे ३०० मुली आल्या आणि केडगावला मुक्ती सदन वाढलं. पुण्याहून दौंडच्या गाडीने गेलात तर स्टेशन लागतं.

आता माझं दार. दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात आमचं बाळ गेलं. मंडळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. बुधवारच्या प्रार्थनेत 'काही विषय?' असं विचारलं की मी दर वेळी म्हणायचे, नाही, सगळं ठीक. ते एकवेळ चालेल, पण खोलीत एकटी असतानाही मी तेच करायचे. आभार मानायचे आणि उठायचे. जणू प्रभूलाही कळू द्यायचं नव्हतं!

मागच्या रविवारी हा अध्याय वाचून मी पहिल्यांदा त्याच्यापुढे ते बोलले. नीट वाक्यं झाली नाहीत. रमेसारखंच, नाकातोंडातूनच जास्त.

प्रभू येशू, आज वाचणाऱ्या ज्या कुणाला मागताही येत नाहीये, त्याच्या दाराशी तूच ये आणि विचार. आमेन.