वेशीबाहेरचा पिचर : सॅचेल पेज

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या शहरी ७ जुलै १९०६ रोजी लिरॉय पेज यांचा जन्म झाला. आई लोकांची धुणी धुवून घराला हातभार लावीत असे. लहानगा लिरॉय रेल्वे स्थानकावर प्रवाशांच्या पिशव्या वाही. पिशवी म्हणजे सॅचेल. तेच नाव त्याला चिकटले.

शाळा चुकविणे आणि दुकानातील किरकोळ चोरी यांसाठी बाराव्या वर्षी त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे त्याने पाच वर्षांहून अधिक काळ काढला. शिक्षा म्हणून वाट्याला आलेले हे निवासी जीवनच त्याची खरी शाळा ठरले. पाय उंच उचलून चेंडू फेकण्याची विद्या त्याला एडवर्ड बर्ड या प्रशिक्षकांनी तेथेच दिली. वसतिगृहातील मुलांना शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

बेसबॉलमधील पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजच. पेज १९२६ पासून कृष्णवर्णीयांच्या संघांतून व्यावसायिक खेळू लागले. मोठ्या लीगचे दार त्यांना बंद होते. त्यासाठी लेखी नियमाची गरज पडली नाही. संघमालकांचा अलिखित करार पुरेसा होता. बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी असा संघामागून संघ, अखंड प्रवास, अनेक गावी उपाहारगृहात प्रवेशही नाही. हंगाम संपला की गोऱ्या नामवंतांशी प्रदर्शनीय सामने होत आणि पेज त्यांना निष्प्रभ करीत. त्यांची गुणवत्ता कोणापासून लपलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे.

१९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी ही भिंत भेदली. पेज यांना क्लीव्हलँड संघाने करारबद्ध केले ते १९४८ साली, त्यांच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी! त्या हंगामात त्यांच्या नावावर सहा विजय आणि एकच पराजय लागला. संघ जगज्जेता ठरला. १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, ते पुन्हा मैदानात उतरले आणि तीन डावांत त्यांनी एकही धाव दिली नाही.

१९७१ मध्ये कूपर्सटाउनच्या गौरव दालनासाठी त्यांची निवड झाली. पण कृष्णवर्णीय लीगच्या खेळाडूंसाठी तेथे निराळा विभाग योजला होता. सन्मानाचीही पंगत वेगळी! चोहीकडून टीका झाल्यावर तो बेत सोडावा लागला आणि पेज यांना इतरांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. ८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटी येथे त्यांचे निधन झाले. कृष्णवर्णीय लीगमधील त्यांची कामगिरी मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदीत समाविष्ट होण्यास मात्र २०२४ साल उजाडावे लागले.